एकशे बारा मीटर

सावद्याच्या बाहेर, झांबऱ्यांच्या पॅकहाउसात
वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत टेप धरला.
एकशे बारा.
नियम शंभराचा आहे.
शंभरानंतर तांब्यातला शब्द थकतो,
पोचतो कधीकधी,
पण काय म्हणत होता ते कळत नाही.

झांबरे अण्णा म्हणाले, बारानं काय व्हतं?
गाडीत बारा क्विंटल कमी भरले तर
तुम्ही काय म्हणता, मी विचारलं.
मग चहा आला.

आधी इथे एकच जाड काळी वायर होती.
या टेबलावरून त्या टेबलावर, ओळीनं सगळी यंत्रं,
आणि शेवटी एक टोपी.
ठिबकच्या नळीला असते तशीच.
माझे वडील यावल भागात ठिबक बसवायचे,
टोपी निघाली की आख्खी ओळ कोरडी
आणि पाणी बांधावर, कोणाचंच नसल्यासारखं.
इथंही तेच झालं. झाडूचा धक्का लागून टोपी उडाली,
हिशेबाच्या यंत्रापासून काट्यापर्यंत
सगळे बहिरे.
लांब जायची मात्र ती वायर, हे खरं.

नंतर कोणीतरी हब लावून गेलं.
हब म्हणजे लिलावातला पुकाऱ्या,
एकाला सांगायचं ते साऱ्या आवाराला.
दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया,
मग दोघांनी गप्प बसायचं
थोडा थोडा वेळ, पण सारखा नाही,
नाहीतर पुन्हा एकदमच तोंड उघडणार.
(मला आणि माझ्या भावाला
हे अजून जमलेलं नाही.)

आता स्विच. त्याला घरं पाठ असतात,
ज्याचं त्याच्याच दारात टाकतो.
पण तो हवा मधोमध,
आणि मधोमध होती
रुबाब तडवींची राखणदारीची खोली:
एक खाट, एक बॅटरी, कोपऱ्यात भाकरीचं फडकं,
पत्रा मे महिन्याचा.

त्यांनी खाट सरकवली. मी खाली बसून टोकं सोलली.
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.
बोटांना हे असं पाठ आहे
की तोंडानं म्हणायला गेलं तर चुकतं.
ते बघत होते. म्हणाले,
निया अन् हिरवा शेजारी काहून नाही?
हिरव्याच्या दोघांत निळ्याची जोडी बसते, म्हटलं,
असंच ठरलंय, जगभर.
कोनं ठरोलं?
मला सांगता आलं नाही.

पाच केळी पिकवायच्या खोल्या, एक काटा, एक ऑफिस.
सात दिवे लागले. हिरवे, लुकलुकते.
खोल्यांचं तापमान आता ऑफिसात दिसणार,
सोळाच्या वर गेलं की घंटा.
मी बिल दिलं आणि भुसावळला गेले.

अकराव्या रात्री फोन. पावणेतीन.
बाई, तिसरा डोया मिटेल हाये.
ऑफिसात कोणी नव्हतं, घंटा ऐकायला.
तिसऱ्या खोलीत दिल्लीचा माल.
मी फोनवरूनच सांगत गेले,
ते बॅटरी तोंडात धरून शोधत गेले,
घुशीनं पाइपाच्या तोंडाशी वायर कुरतडलेली.
ती सकाळपर्यंत जोडता येणार नव्हती.
त्यांनी खोलीच्या दारातच बैठक मारली,
काचेतून आकडा वाचत राहिले,
दर पंधरा मिनिटांनी मला फोनवर तो आकडा,
सोया. सोया. साडेसोया. सोया.
चार तास
तिसरा दिवा तेच होते.

सकाळी नवीन वायर ओढली.
अण्णांनी विचारलं, स्विच चांगला आहे ना.
हो म्हटलं.

खोलीत परत गेले तर आठवं भोक,
जे रिकामं आहे,
त्यात धूळ जाऊ नये म्हणून
केळीच्या वाळल्या पानाची बारीक गुंडाळी
कोणीतरी खोचून ठेवलेली.
कंपनीचं रबरी बूच माझ्या पिशवीत होतं.
तिथेच राहू दिलं.