पाण्याचं रक्त

नातू ओसाकाहून आला, काखोटीला काळा खोका.
सहा सिनेमे, म्हणे नव्याने धुऊन काढलेले.
पुठ्ठ्यावर तो गावोगाव छत्र्या दुरुस्त करणारा तलवारबाज
आणि त्याच्यामागे नुसतं लाल.
"आजी, हे तुझं ना?"
तलवारबाज नव्हे रे. लाल तेवढं माझं.

उझुमासाच्या स्टुडिओत, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
पहाटे चारला मी पातेलं चढवायचे.
तांदळाचा पाक, खाण्याचा रंग,
काळपटपणाला सोया सॉसचे चार थेंब,
आणि चिमूटभर निळा, तो कुणाला सांगायचा नाही.
लोक पोटासाठी रक्ताचं पाणी करतात.
मी पाण्याचं रक्त केलं,
दिवसाला चाळीस लिटर,
पगार झाडूवाल्यापेक्षा थोडा बरा.

मूळ गोष्ट मांगातली. साप्ताहिकाचा खरखरीत कागद.
दर गुरुवारी दिग्दर्शक ताकेनोउची-सान
पानं फाडून शेडच्या भिंतीला टाचायचे.
त्यात रक्त काळं होतं.
सगळंच काळं, केस, रात्र, नदी, जखम,
एकाच दौतीतून आलेलं.
मी विचारलं, यातलं लाल कुठलं?
ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.
"लालाचं सोड. हे बघ,"
आणि दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीवर त्यांनी नख ठेवलं.
"तलवार इथे चालते. इथे काहीच काढलेलं नाही.
तेवढा वेळ थांब. मग सोड."

तलवार म्यानात परत गेल्याचा खट्.
एक श्वास. अजून अर्धा.
मग लव्हाळ्यात पालथी पडलेली मी पायाने झडप दाबायची
आणि किमोनोखालच्या नळीतून ते उडायचं,
छत्रीच्या कागदावर तडतडायचं
भट्टीतल्या लाह्यांसारखं.

मरणाऱ्यांत एक नेझू होते, पन्नाशीचे.
सहा सिनेमांत अकरा वेळा मेले,
त्यातले दोनदा एकाच दुपारी, मिशी बदलून.
ब्रह्मदेशातून परतलेले, बरंच अंतर पायी.
त्याबद्दल अवाक्षर नाही. एकदाच, मी गळ्याला नळी चिकटवताना,
"शिगेनो-सान, एवढी घाई नसते हो त्याला.
ते बाहेर येतं ना,
जसा अंधारात माणूस चपला शोधतो."
मी झडप ढिली केली.
ताकेनोउची-सान ओरडले, नळ गळतोय का?
परत आवळली. पोटाचा प्रश्न होता,
माझ्या, आणि नेझूंच्याही.
त्यांनी मनगटावरचं चाटून पाहिलं, डोळे मिटून.
"गोड आहे. तेव्हा वाटीभर मिळालं असतं तर..."
कुणीतरी हाक मारली. वाक्य तिथेच राहिलं.

कपडे धुवायलाही मीच.
खरं रक्त थंड पाण्यात निघतं,
बायकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.
माझं निघायचं कोमट पाण्यात,
हात मात्र महिनोन्‌महिने गुलाबी.
भाजीवाली सुटे पैसे हातावर द्यायची नाही,
टोपलीत टाकायची.

आता नातवाने चौथा सिनेमा लावलाय.
चरे नाहीत, धूळ नाही,
इतकं स्वच्छ की माझा निळाही दिसतो.
नदीकाठ. सतरा प्रेतं. मे महिन्याचं ऊन.
नेझूंच्या गळ्यावर मधमाशी.
पाकाला यायच्याच त्या, पोळंच होतं पुलाखाली,
आणि प्रेतांना हलायची परवानगी नव्हती.
नातू पडद्याजवळ सरकला. "ही नंतर घातलीये का, संगणकाने?"
थांबव म्हटलं, त्याने ऐकलं नाही.
माशी गळ्यावरून हनुवटीवर,
हनुवटीवरून ओठाच्या कोपऱ्यात.
नेझू मेलेलेच.
माझा हात उठला, हाकलायला.