सात फूट दोन इंच

उचगावच्या टाकीवर चढून मी अँटेना बांधली
तेव्हा खाली शिवलीला दोर धरून उभी होती.
वरून दिसत होती मार्कंडेयपर्यंतची रताळी, भाताची खाचरं,
आणि भरमाण्णांच्या विहिरीवर
सकाळी बसवलेली साबणाच्या डबीएवढी पेटी.

पेटी बोलते ते कमीच.
दर दहा मिनिटांनी जागी होते,
पाण्यापर्यंतचं अंतर मोजते,
आकडा हवेत सोडते, पुन्हा झोपते.
कुणी ऐकलं का, विचारत नाही.
विचारायला बॅटरी लागते.

टाकीवरचा डबा तो आकडा उचलतो,
उद्यमबागेतल्या आमच्या खोलीत धाडतो.
तिथं एक मध्यस्थ आहे, टपाल निवडणाऱ्या कारकुनासारखा.
पाकीट फोडत नाही. वरचं नाव वाचतो,
आणि त्या नावाचं टपाल ज्यांनी मागून ठेवलंय
त्यांना देऊन टाकतो.

तीन दिवस मोटर लागलीच नाही.
पेटी बोलत होती. मोटरीजवळचा रिले कान देऊन होता.
भरमाण्णा म्हणाले, "येतंय का नाही ते तरी सांगा की."
आम्ही वायरी तपासल्या, पासवर्ड तपासला,
सिम तपासलं, जे शिनोळीकडच्या बांधावर गेलं
की दुसऱ्या राज्यात आपलं स्वागत करतं.

चौथ्या रात्री स्क्रीनवर सापडलं.
शिवलीलानं पेटीत लिहिलं होतं: बावी.
मी रिलेत लिहिलं होतं: विहीर.
मध्यस्थाला पाणी कळत नाही,
अक्षरं कळतात.

"आमच्या गल्लीतपण बावच म्हणतात," मी म्हणालो.
"मग लिहिताना कुठं गेलती?"

मी विहीर खोडून बावी केलं.
एवढ्या रात्री पेटीपर्यंत कोण जाणार,
असं कारण सांगून.
दोन वाजून दहा मिनिटांनी मोटर लागली.

एक गोष्ट राहिली होती.
पेटी पहिल्यांदा जोडली जाते तेव्हा
मध्यस्थाकडे एक वाक्य ठेव म्हणून देते:
मी गप्प झाले तर एवढं सगळ्यांना सांग.
आमच्या धंद्यात त्याला मृत्युपत्र म्हणतात.
ती जागा कोरी होती.
"लिही, पेटी बंद."
शिवलीलानं लिहिलं,
मी नाही आता, बघून जावा.

मार्गशीर्षात एका पहाटे ते वाक्य माझ्या फोनवर आलं.
त्याच्या वर शेवटचा आकडा तसाच: सात फूट दोन इंच.
नवं कुणीही जोडलं गेलं की
मध्यस्थ आधी तोच आकडा हातात देतो,
शिळा आहे हे न सांगता.

मोटरसायकल काढून गेलो.
म्हशीनं खांबाला अंग घासलं होतं,
पेटी वायरीला लोंबत होती.
भरमाण्णा काठावर उकिडवे.
त्यांनी एक खडा सोडला,
मान कलती करून ऐकलं.

"सात," म्हणाले.
"वर थोडं."