उलटा वारा

लबकच्या भंगारातून उचललेला पंखा,
कुणाच्या तरी मोडक्या टॉरसचा.
पात्यात कापसाचा पुंजका अजून तसाच.

अठ्ठ्याहत्तरच्या ट्रकला तो बोटभर मोठा.
डेल्बर्ट करवतीने कड कापतो.
मी रिले जोडतो, चाळीसचा फ्यूज,
आणि मराठीतून शिव्या हासडतो;
त्या इथे कुणाला लागत नाहीत.

चावी फिरवली. जाळीवर भंगारवाल्याची पावती धरली:
चिकटायला हवी होती,
ती भुर्रकन डेल्बर्टच्या छातीवर.
तारा उलट्या!
तो हसला नाही. पावती वाचली.
"वीस डॉलर? पंधराला दिला असता त्याने."

तारा बदलल्या. पावती चिकटली.

आता इंजिन बंद,
डेल्बर्ट हात पुसत घरी गेलाय
आणि पंखा फिरतोच आहे,
गोष्ट संपली तरी
झोपेत हुंकार देणाऱ्या पोरासारखा.