मूळची नव्हे

बॉटवुडच्या हँगरात हेडली
महिनाभर पिवळा रंग खरवडतोय.
पिवळ्याखाली चंदेरी, चंदेरीखाली एकदाचा
पाणबुड्या हुडकायचा तो पांढरा.
"हाच. त्रेचाळीसचा."

मशीनगन आली विनिपेगहून, गोळ्यांविना.
पंखांखाली बॉम्ब अडकवायचे हूक.
रेडिओही बसवला,
कुणाशी बोलणार कोण जाणे.

उरली पोटातली टाकी.
बावीस उन्हाळे या विमानानं
तळीच्या तळी उचलून
जळत्या स्प्रूसवर ओतली.
डल्सीचं छप्पर एकदा
असंच वाचलं, चिमणी तेवढी काळी झाली.

डल्सी थर्मास ठेवते. बघत राहते.
"मूळची नव्हे ती," हेडली म्हणतो
पान्याकडे बघत.

शेवटचा बोल्ट निघता निघेना.
निघाला तेव्हा ओंजळभर पाणी सांडलं फरशीवर,
कुठल्या तळ्याचं, काय माहीत.
फडकं खुंटीलाच होतं.