माथा

आबांचं बीपी मी तीनदा घेते:
आडवे असताना, बसवून,
आणि उभं करून तीन मिनिटांनी.
आडवे, एकशे सत्तर. बसून, एकशे वीस.
उभे असताना मशीन नुसतं गुरगुरतं,
मी बटण सोडून आधी त्यांना धरते.

मसाला मार्केटात बत्तीस वर्षं
मिरचीची पोती या डोक्यावरून उतरली.
आता उभं राहिलं की रक्तच खाली उतरतं.
नसांना वरची हाक ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणाल्या.
म्हणून ही गोळी. सात, अकरा, तीन.
घेतली की चार तास पाठ टेकायची नाही.

तिसऱ्या दिवशी डोकं खाजवत म्हणाले,
"पोतं फाटलंय गं. मिरची सांडतीया मानंवर."
मी म्हटलं, हं.
गेल्या महिन्यात कपाटापाशी मापाडी उभा होता,
त्याला चहा दे म्हणाले. मी दिलाही.
कप तसाच निवला.
मिरचीही त्यातलीच.
वहीत लिहिलं: भास.

नखांनी रक्त काढलं तेव्हा
कोपरखैरण्याहून रिक्षा करून नेरूळला नेलं.
डॉक्टरांनी हातावरचे उभे केस पाहिले.
"हे आजाराचं नाही. या गोळीनं टाळू चुरचुरते.
कुणाला मुंग्या वाटतात."
यांना मिरची वाटली.
दुसरं काय वाटणार होतं?

परतताना पाम बीचच्या सिग्नलला
मी वही काढून तो शब्द खोडला.
वर काय लिहावं, सुचेना.
दहा दिवस हा माणूस खरं बोलत होता
आणि मी त्याला
गार फडकं देत होते, समजूत घालत होते,
नसलेल्या माणसाला चहा द्यावा तशी.

आता गोळी अर्धी.
चुरचुर कमी, आणि गुरुवारी मोरीपाशी पडले.
कपाळाला तीन टाके.
पुरी घेतली तर मिरची, अर्धी घेतली तर फरशी.
सोमवारी पुन्हा जायचंय, वही घेऊन.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आहेत.
रात्रभर ते इंचाइंचानं खाली घसरतात,
पहाटे काखेत हात घालून मी वर ओढते.
आज ओढताना म्हणाले,
"हळू. पाठीत भरंल तुझ्या.
आधी गुडघं वाकवायचं, मग उचलायचं."
तसं उचललं. खरंच सोपं गेलं.

मग विचारलं, कपाटापाशी कोण आहे का आज?
"हाय की," म्हणाले,
"मगाधरनं उभाय बिचारा."

मी आधण ठेवते. तीन कपांचं.