कोणते मालवीय

फॉर्म ह्यांनी बनवला होता,
बँकेतून रिटायर झाल्यावर, पहिल्याच आठवड्यात.
पट्टीने आखलेले रकाने,
अन्नपूर्णा थान्याच्या नमुन्यापेक्षा सात जास्त.
नाव. वडिलांचं नाव. कायमचा पत्ता. समग्र आयडी.
पगार कागदावर किती, हातात किती.
मागच्या घरमालकाचा नंबर, घर सोडल्याचं कारण.
अंडं खाता का.
भेटायला कोण कोण येईल, आणि त्यांच्याशी नातं.

हे गेले. फॉर्म मी तसाच ठेवला.
झेरॉक्सवाला विचारतो, काकू, पन्नास काढू की शंभर?
खोली वर एकच आहे, बाहेरून जिना,
आणि तीन वर्षांत मी अडतीस माणसं वाचली
डायनिंग टेबलावर, चष्मा पुसून पुसून.

देवासच्या एका मुलाच्या आईचं नाव
दोन कागदांवर दोन आहे, मला ठाऊक आहे.
एकीने 'विवाहित' खोडून 'अविवाहित' लिहिलं,
मग तेही खोडलं,
आणि वर मुंगीएवढ्या अक्षरात: केस चालू.
एक जण पगाराचा आकडा लिहून
त्याच्याकडे बघतच बसला,
जसा काही दुसऱ्याच कोणाचा.
सगळ्यांना मी पोहे दिले, जिरावन भुरभुरून.
नाही म्हणायचं असलं
तर आग्रह करून दोनदा.

मार्चमध्ये ती आली.
एम. वाय. हॉस्पिटलसमोर कानाच्या मशिनींचं दुकान,
तिथे नोकरी. अक्षर देखणं,
एकही काना रेघेबाहेर नाही.
निमिषा मालवीय.
मी विचारलं, कोणते मालवीय?
सहज. चहात साखर किती, विचारतात तसं.
आमच्या इंदुरात मालवीय ब्राह्मण असतात,
लोहार असतात, आणि
ते 'आणि' मी तोंडातच धरलं.
तिला ते दिसलं.
तिने पेनाला टोपण लावलं.
"आष्ट्याचे," म्हणाली.

मग म्हणाली, माझंही एक विचारायचं होतं, आंटी.
मला वाटलं, नर्मदेचं पाणी विचारेल,
एक दिवसाआड, सकाळी सहाला.
स्कूटी कुठे लावू, विचारेल. आतल्या बाजूला, जिन्याखाली.
उत्तरं माझ्याकडे तयार होती.
"आधीची का गेली?"

आधीची एका शनिवारी रात्रभर रडत होती, वर.
छतातून ऐकू येत होतं.
सकाळी मी जिना चढून गेले
आणि विचारलं, रात्री कोण आलं होतं?
कोणी आलं नव्हतं.

"लग्न ठरलं तिचं," मी म्हटलं.
फॉर्मवर घर सोडल्याच्या कारणाचा रकाना आहे,
पण तो मालकिणीने भरायचा नसतो.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.
हे वाक्य ह्या टेबलावर नेहमी माझं असतं.
बशीतले पोहे तसेच. आधारची झेरॉक्स राहिली,
मशीनची शाई संपत आलेली,
अर्ध्या चेहऱ्यावरून पांढरा पट्टा गेलेला.
मी आठ दिवस फोनची वाट पाहिली.
का, ते कोणी विचारलं नाही.

आज कपाट काढलं.
अडतीस जणांच्या जन्मतारखा, अडतीस वडील,
रबरबँड ओढताच तुटला.
तेवढ्यात गल्लीत गाणं वाजवत कचरागाडी आली.
आमच्या शहरात सगळं वेगवेगळं द्यावं लागतं,
ओलं, सुकं, प्लास्टिक, तारा-बॅटऱ्या,
कागदात गुंडाळून द्यायचं ते,
आणि घरातलं घातक, त्याचा डबाच निराळा.
मी गठ्ठा पोटाशी धरून फाटकात उभी.
गाडीवरचा मुलगा वाकून म्हणाला,
"आंटी, ये किसमें डालूँ?"

एक मिनिट थांब, म्हटलं त्याला.
चष्मा आत राहिलाय.