बाकी

माझ्या वहीत नावांपुढं टिंबं असतात.
एक टिंब, एक ताट.
दिवसपाळीची वरच्या ओळीत, रातपाळीची खाली.
खिरोदची खालची ओळ मार्चपासून विरळ होत गेली,
मधले धागे तुटलेल्या ताण्यासारखी.

मी म्हटलं, सोलापूरचा उन्हाळा,
कुणाचीही भूक मारतो.
मी म्हटलं, ओडिशाचं पोरगं, भात खाणारं,
भाकरी किती दिवस गिळेल?
भात जास्त टाकला. भात परत आला.

अक्कलकोट रोडच्या त्या शेडात
बारा तास माग कुणाला बोलू देत नाहीत.
माणसं हातांनी बोलतात:
बॉबिन संपली, पाणी दे, मालक आला.
‘झोप येत नाही’ याची खूण
अजून कुणी काढलेली नाही.

घरून फोन आला की पोरं बाहेर पळायची.
खिरोद आत शिरायचा, मागांच्या मध्ये,
जिथं आईला फक्त खडखडाट ऐकू जाईल.
हे मी पाहिलं होतं.
पाहून आमटीला फोडणी दिली होती.

एकवीस तारखेला तो आला
आणि सगळे पैसे दिले,
महिन्याचे उरलेले नऊ दिवसही धरून.
“अक्का, हिसाब बराबर?”
चादर शेजारच्या पोराला दिलेली, चार्जर दुसऱ्याला.
चेहरा बऱ्याच दिवसांनी शांत,
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.

तेवीस वर्षं खानावळ चालवते मी.
महिना संपायच्या आत कुणी हिशेब मिटवत नाही.
ज्याला परत जेवायला यायचंय
तो बाकी ठेवतो.
(एकदा हे मला उशिरा कळलं.
त्या पोराचं नाव मी वहीत चुकीचं लिहिलं होतं,
पोलिसांनी विचारलं तेव्हा समजलं.)

तवा उतरवला, तशीच अनवाणी गेले.
शेडामागं सुताच्या पोत्यांवर तो बसलेला.
असलं तोंडानं काढू नये म्हणतात, काढलं की खरं होतं.
मी काढलं.
“मरायचं मनात हाय का, बाबा?”
हिंदीत सांगायला गेले, अर्धं तेलुगू झालं,
‘मन’ तेवढं त्याला कळलं.
आमच्यात मनसु, इथं मन, त्यांच्यातही मनच निघालं.
छातीवर हात ठेवून म्हणाला, “मन भल नाहिं, अक्का.”
मग खूप वेळ
त्याचे ओठ हलत राहिले.
मागांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.
मी मान हलवत राहिले. उठले नाही.

त्या रात्री पोरांनी आळीपाळीनं जागून काढली.
सकाळी सिव्हिल. केसपेपरवर नात्याचा रकाना.
“तुम्ही कोण लागता याच्या?”
मी म्हटलं, खानावळ.
बाई हसली नाही. लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या लेकीएवढी.
घाई न करता ऐकलं. गोळ्या दिल्या, दर मंगळवारी या म्हणाली.
मंगळवारी या म्हणजे मंगळवारची पाळी बुडते.
मालकाशी त्यावरून माझं वाजलं,
अजून वाजतंय.

माझा आजा करीमनगरहून आला होता, हातमागाच्या दिवसांत.
म्हणे पहिली दोन वर्षं
गावाच्या दिशेला तोंड करून, डोळे उघडे ठेवून पडायचा.
त्याला गाव लागलंय, म्हणायचे.
भूत लागतं तसं.
औषध कुणी विचारलं नाही. दहा पोरं झाली त्याला,
आम्ही सगळे सोलापूरकर.

खिरोद बरा झाला का, ते विचारू नका.
परवा पूर्ण ताट. काल अर्धं.
आज टिंब नाही,
पण संध्याकाळी कडुलिंबाखाली उभा राहून
आईशी बोलत होता, उघड्यावर, मोठ्यानं,
मध्येच भांडल्यासारखं.

नऊ दिवसांचे पैसे मी परत केले.
वर अकरा रुपये नावावर चढवले,
शेंगाचटणीचे म्हणून.
तो रोज द्यायला येतो.
मी म्हणते, सुट्टे नाहीत बे,
उद्या दे.